पंजोबांच्या टूटूची नुसती बॉडी सापडली, आता काय करू?

या महिन्यात जुन्या बंदुकांवरचीच पत्रं जास्त आलीत, त्यातही टूटूवरची, म्हणजे पॉइंट २२ इंची नळीच्या रायफलीवरची. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय आणि ते मी मुद्दाम लांबू दिलंय, कारण यात चूक झाली तर माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढतो आणि वस्तूही हातची जाते. बाकीची पत्रं उरलेल्या जागेत घेतो.

प्रश्न : काका नमस्कार. आमचं गाव औसा तालुक्यात. त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या माळवदाच्या घराची एक भिंत फुटली पण घर उभं राहिलं, ते आता या उन्हाळ्यात पाडायलोत. आतल्या खोलीत तुळईच्या वर घोंगड्याच्या तुकड्यात बांधलेलं लोखंड सापडलं. रायफलीची बॉडी हाय म्हणे. नळी नाही, दस्ता नाही, चाप नाही, आतलं सगळं काढलेलं, नुसती चौकोनी डबी, खालून खटक्याची फट, बाजूला बर्मिंगहॅम असं इंग्रजीत आणि एक नंबर. सोबत उर्दू कागद, मशिदीतल्या मौलवींनी वाचून सांगितलं की पंजोबांच्या नावचा परवाना हाय, साल १३४९. आजोबा सांगायचे की पंजोबा पोलीस पाटील होते, त्यांच्याकडं टूटूची रायफल होती. लातूरला एमआयडीसीत माझा मित्र लेथवर हाय, तो म्हणतो नळी आन् बाकीचं आपण करू, काही पार्ट ऑनलाइन मागवू, झकास चालू करून देतो. मला ती पंजोबांच्या काळात होती तशी करायची हाय. तुमचा पुतण्याच समजा आणि रस्ता सांगा.

उत्तर : पुतण्या म्हणालास म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. पहिलं काम एकच, मित्राला फोन करून सांग की लेथ बंद. आजच सांग. नळी करायची नाही, पार्ट मागवायचे नाहीत, आणि ती बॉडी पिशवीत घालून एसटीनं कुणाला दाखवायलाही न्यायची नाही.

कारण असं की १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्यार म्हणजे फक्त पुरी बंदूक नाही, हत्याराचे भागही त्यात धरलेत. आणि नंबर ज्याच्यावर ठोकलेला असतो ती बॉडीच रायफलीची ओळख असते, नळी बदलते, दस्ता बदलतो, पण कागदावर नंबर लागतो तो बॉडीचा. त्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणं हत्यार बनवायला तर परवाना लागतोच, दुरुस्त करायलाही लागतो. तो नसताना दुरुस्ती केली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. तुझा मित्र चांगल्या मनानं म्हणतोय, पण तो काय डोक्यावर घ्यायलाय ते त्याला माहीत नाही.

आता तुला कुणीतरी सांगेल की अरे जुन्या पुराण्या वस्तूला कायदा लागत नाही. अर्धं खरंय. कलम ४५ मध्ये सूट आहे, जुन्या ठेवणीतलं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार असेल तर. पण अट वाच नीट, ते दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं पाहिजे. तू तर मला दुरुस्ती करून चालू कशी करायची तेच विचारलंयस, म्हणजे जी सूट कदाचित तुला मिळाली असती ती तूच स्वतःच्या हातानं घालवायलास. त्याच कलमात किरकोळ सुट्या भागांनाही सूट आहे, पण ते दुसऱ्या भागांना जोडून वापरायचा इरादा नसेल तरच. इरादा, हा शब्द ध्यानात ठेव. लेथवर फिरवलेली नळी शेजारी सापडली की इरादा सिद्ध करायला दुसरं काही लागत नाही.

मग करायचं काय. तालुक्याला फौजदारी बघणारा वकील गाठ. त्याच्याकडून पोलीस ठाण्याला लेखी अर्ज दे की घर पाडताना अशी अशी वस्तू सापडली, हा फोटो, हा नंबर, हा जुना परवाना, ही जागा, ही तारीख. पुढं ती कुणी न्यायची, कशी न्यायची ते ठाणं सांगेल तसं. परवाना नसलेलं हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करायची सोय कलम २१ मध्ये आहेच. पोच घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नको. त्या पोचवर नंबर, किती भाग आहेत, काय नाही, सगळं लिहून घे, 'एक जुनी बंदूक' असं मोघम लिहू देऊ नको. नंतर वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो, त्याला मृत्यूचे दाखले, वारसाचे कागद, भावाबहिणींची ना हरकत असं सगळं लागतं आणि वेळ लागतो. तुमच्याकडं मधे दोन पिढ्या गेल्यात, त्यामुळं सरळ होईल असं मी सांगणार नाही. पण तो उर्दू कागद सोन्यासारखा जप. त्याला लॅमिनेशन अजिबात करू नको, प्लास्टिक चिकटलं की कागद मेला. साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत सपाट ठेव.

आणि ते साल १३४९ बघून गोंधळू नको, ते फसली आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर फसली साल चालायचं, त्यात ५९० मिळवले की आपलं इंग्रजी साल येतं, म्हणजे १९३९-४०. औसा तेव्हा हैदराबाद संस्थानात, मुक्ती व्हायला अजून आठ-नऊ वर्षं होती. परवाना तेव्हाचा आहे, पण रायफल त्याहून जुनी असू शकते, कारण तू जे वर्णन केलंस, चौकोनी डबी आणि खालून खटक्याची फट, ते मार्टिनी पद्धतीचं वाटतंय.

मार्टिनी म्हणजे खालचा खटका पुढं ढकलला की डबीतला लोखंडी ठोकळा पुढच्या टोकाला खाली झुकतो, काडतूस वरून सरकवायचं, खटका ओढला की ठोकळा वर येऊन मागचं तोंड बंद करतो. एका वेळी एकच गोळी. इंग्रजांच्या फौजेनं १८७१ साली मार्टिनी-हेन्री घेतली ती याच पद्धतीची, पण ती मोठ्या बोअरची, म्हणजे नळीचं भोक मोठं. तुझी टूटू म्हणजे तिची लहान बहीण. ही लहान बहीण आली कुठून त्याचीही कथा आहे. १८९९ ते १९०२ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रजांच्या ध्यानात आलं की समोरचे शेतकरी आपल्या शिपायांपेक्षा नेम चांगला धरतात. मग लॉर्ड रॉबर्ट्स या इंग्रज सेनापतीनं, हा जन्मला आपल्या कानपूरला बरं का, लोकांनी लहान बोअरवर सराव करावा असा आग्रह धरला, गावोगाव क्लब निघाले, आणि बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं मार्टिनी पद्धतीच्या टूटू रायफली भरपूर बनवल्या. काडतूस स्वस्त, आवाज कमी, धक्का नाही. नीट बघ, बॉडीवर तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्यासारखं चित्र दिसतंय का. दिसलं तर ती बीएसएची खूण. मुकुटाखाली दोन अक्षरं असा बारका ठसा असेल तर तो बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे जास्तीचा बार भरून तपासल्याची खूण.

हे बघायचं कसं, घासून नाही. मोबाइलची बॅटरी बॉडीच्या कडेला आडवी धर, उजेड तिरपा पडला की बुजलेली अक्षरं सावलीनं उठून दिसतात. मग वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीनं हलकं घासायचं, आपण लहानपणी नाण्यावर करायचो तसं. एवढ्यानं निम्मी ओळख पटते.

आता गंजाचं. हे काम कागदपत्रं होऊन वस्तू कायदेशीरपणे तुझ्याकडं परत आली तरच, आणि तेव्हाही वकिलाला आणि ठाण्याला विचारून. मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, आणि पहिल्याच वर्षी एक जुनी बंदूक माझ्याकडं आली ती मी बफिंगच्या चाकावर धरली. आरशासारखी झाली. उस्ताद आले, त्यांनी बोटानं नंबरावरून हात फिरवला, नंबराचा वरचा अर्धा भाग गेलेला, कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. ते काही बोलले नाहीत, बंदूक कपड्यात गुंडाळून घेऊन गेले. चाळीस वर्षं झाली, त्या गोल झालेल्या कडा अजून बोटाला आठवतात. गेलेलं लोखंड परत येत नाही रे. म्हणून पॉलिश पेपर नाही, ग्राइंडर नाही, व्हिनेगर नाही, बाथरूमचं ॲसिड तर जवळपास आणू नको.

घासलेट चालतं. आठवडाभर घासलेटात बुडवून ठेव, मग तांब्याचं जुनं नाणं किंवा पितळेची पट्टी घेऊन गंजाचे पापुद्रे खरवड, पितळ पोलादापेक्षा मऊ असतं म्हणून ओरखडा पडत नाही. राहिलेल्या लाल थराला मला आवडतो तो उपाय उकळण्याचा. बॉडी साबणानं, मग ॲसिटोननं अगदी तेलमुक्त कर, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो त्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळ. बोअरवेलचं पाणी घेऊ नको, आपल्याकडच्या पाण्यात इतके क्षार की भांड्याला पांढरा थर चढतो, तोच लोखंडाला बसेल. उकळताना लाल गंजाचं काळ्या गंजात रूपांतर होतं, ही जादू नाही, दोन्ही लोखंडाचे ऑक्साइडच, पण लाल भुसभुशीत असतो आणि ओल धरून आत खात जातो, काळा धरून बसतो आणि खालच्या लोखंडाला सांभाळतो. बाहेर काढल्यावर मखमलीसारखी काळी भुकटी दिसेल, ती चार शून्याच्या स्टील वूलनं अगदी हलक्या हातानं पुसायची, गरम असतानाच मशीनचं पातळ तेल लावायचं. एकदा केल्यावर थांब. खड्डे दिसतील, दिसू दे.

आग लावायची नाही, वेल्डिंग करून खड्डे भरायचे नाहीत. अशा बॉडीला वरून कडक आणि आतून चिवट असं पाणी दिलेलं असतं, गॅसकटरच्या ज्योतीनं ते उतरतं आणि मग ती बॉडी दिसायला रायफल आणि ताकदीला चहाची किटली. आणि समजा उद्या सगळे परवाने मिळाले, परवानाधारक गनस्मिथनं नळी बसवली, तरी शंभर वर्षांच्या, तुळईवर पडून गंजलेल्या बॉडीच्या मागं डोळा लावून बार काढायचा सल्ला मी माझ्या पोराला देणार नाही.

तू म्हणतोस पंजोबांच्या काळात होती तशी करायची. मला ती भावना कळते, खरंच कळते. पण नवी नळी, नवा दस्ता, ऑनलाइनचा चाप लावला तर तिच्यात पंजोबांचं काय राहील, एक डबी. मी सांगतो तसं करून बघ. परवानगी मिळाली तर सागवानाची एक फळी घे, त्यावर पुऱ्या रायफलीची बाह्यरेषा कोरून घे, नळी, दस्ता, खटका, सगळ्याची नुसती रेघ, आणि बॉडी तिच्या जागी बसव. जे आहे ते आहे, जे गेलं ते रेघेत दिसतंय. खाली उर्दू परवान्याची झेरॉक्स आणि पंजोबांचं नाव. ही फळी कुलपाच्या कपाटात. परवानगी नाही मिळाली तर बॉडी ठाण्यात राहील, फळीवर तिचा मूळ मापाचा फोटो लाव, पेन्सिलीचा ठसा लाव, तेवढंही पुढच्या पिढीला पुरतं.

आणि ते घोंगडं बदल. लोकर ओल धरते, तुझ्या बॉडीचा जो भाग घोंगड्याला टेकला होता तिथंच गंज जास्त असणार, बघ जाऊन.

प्रश्न : दादा, मी परभणीची. वडलांची परवान्याची टूटू रायफल आहे, त्यांचं वय ७२. दस्ता अक्रोडाचा आहे म्हणतात, त्याला दोन खोक पडलेत आणि लाकूड कोरडं पांढरट झालंय. वडील दर दिवाळीला सगळ्या रायफलीला खोबरेल लावतात, मागच्या वर्षी करडईचं तेल लावलं तर चाप जड झाला. काय लावावं? आणि पुढं रायफल माझ्या नावावर होईल का?

उत्तर : ताई, खोबरेल थांबवा. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे बाटलीतलं खोबरेल दगडासारखं होतं की नाही, तेच रायफलीच्या आतही होतं. करडईचं तर त्याहून वाईट, ते हवेत हळूहळू सुकून आधी चिकट आणि मग गोंद होतं, जुने कारागीर करडई आटवून त्याचा रोगण करायचे तो याच गुणामुळं. तुमचा चाप जड झालाय तो या गोंदानं. तो घरी उघडू नका, परवानाधारक गनस्मिथकडं परवान्यासकट पाठवा, धुऊन पातळ मशीन ऑइलवर आणून देईल.

लाकडाला मात्र सुकणारं तेलच पाहिजे, म्हणजे जवसाचं. हार्डवेअरच्या दुकानात बॉइल्ड लिन्सीड मिळतं ते घ्या, घाण्याचं कच्चं जवस सुकायला फार दिवस घेतं. हे सगळं दस्ता गनस्मिथनं सुटा करून दिल्यावर. आधी खोक म्हणजे दबलेला खड्डा आहे की लाकूड तुटून निघालंय ते बघा. दबलेला असेल तर त्यावर ओल्या सुती कापडाची घडी ठेवा, वरून गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा. वाफ आत शिरली की दबलेले तंतू फुगून वर येतात, डोळ्यांदेखत येतात, मला अजूनही प्रत्येक वेळी बघावंसं वाटतं. दोन-तीनदा करा, घाई नको. लाकूड तुटून गेलं असेल तर वाफेनं येत नाही, ते तसंच राहू द्या. पूर्ण वाळल्यावर जवसाचे दोन थेंब तळहातावर घेऊन तळव्यानं चोळायचं, गरम लागेपर्यंत, उरलेलं पुसून घ्यायचं. दुसरा हात दोन दिवसांनी. पातळ थर, पुष्कळ वेळा.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. जवसाचं तेल पुसलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं, चिंध्यांच्या ढिगात ती अडकते आणि आपोआप पेट घेऊ शकते, काडी लागत नाही. चिंधी पाण्यात भिजवा किंवा अंगणात एकेरी पसरून वाळवा, मग टाका.

नावाचं म्हणाल तर वडील हयात असतानाच होऊ शकतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्यांच्याकडं २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा कायदेशीर वारसाला परवाना मागता येतो. मुलगी वारस आहेच. वडलांचे हातपाय चालतायत, सही करतायत तोवर अर्ज करून टाका. एका माणसाच्या नावावर दोनपेक्षा जास्त हत्यारं चालत नाहीत, वारसाहक्कानं आली तरी, तेवढं घरात कुणाच्या नावावर काय आहे ते बघून घ्या.

प्रश्न : साहेब, हिंगोली जिल्ह्यातून लिहितोय. रानडुकरं हरभरा उकरून टाकायलेत, रोह्यांनी तूर खाल्ली. घरात काकांची परवान्याची जुनी टूटू आहे, तिच्यानं दोन-चार बार काढले तर काय हरकत?

उत्तर : हरकत मोठी आहे. रात्री जागून पीक राखणाऱ्याचं दुखणं मला ठाऊक आहे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा तुमच्यावर आणि रायफल काकांची जप्त. काकांचा परवाना तुमच्या हाताला चालतही नाही. शिवाय टूटूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, डुक्कर पडत नाही, जखमी होऊन ज्वारीत शिरतं आणि सकाळी खुरपायला आलेल्या बाईच्या अंगावर येतं. आणि हुकलेली तीच गोळी दीड किलोमीटरच्याही पुढं जाते, अंधारात पलीकडच्या आखाड्यावर कोण झोपलंय तुम्हाला काय माहीत. वनविभागाला अर्ज करा, नुकसान भरपाईचा पंचनामा लगेच करून घ्या, उशीर झाला की पीक सरळ केलेलं दिसतं आणि पुरावा जातो.

प्रश्न : काका, मी नांदेडला बारावीत आहे. आजोबांच्या टूटूबद्दल ऐकून मला नेमबाजी शिकावी वाटते. घरचे म्हणतात बंदुकीचं नाव काढू नको. सुरुवात कशी करू?

उत्तर : घरच्यांना आधी सांग की ऑलिम्पिकमधला जो ५० मीटर रायफल प्रकार आहे तो टूटूवरच असतो, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसळेनं त्यात कांस्य आणलं. त्याच्याआधी २०१० ला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. त्या निशाणावरचा दहाचा गोल अवघा १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे ५० मीटरवरून हरभऱ्याचा एक टपोरा दाणा.

सुरुवात मात्र एअर रायफलनं कर. पॉइंट १७७ ची आणि २० ज्यूलच्या आत ताकदीची एअर रायफल असेल तर तिला शस्त्र परवाना लागत नाही. पण विकत लगेच घेऊ नको. आधी कोच असलेल्या रेंजवर जा, तिथली रायफल वापर, पहिले तीन महिने छर्रा न घालता नुसतं उभं राहणं, श्वास धरणं आणि चाप दाबणं. घरी पांढऱ्या भिंतीवर पेन्सिलीचा ठिपका काढ, तीन मीटरवर उभा राहा, हातात पाण्यानं भरलेली दोन लिटरची बाटली पुढं धरून ठिपक्यावरून नजर न हलवता एक मिनिट. रोज दहा वेळा. आईला बघायला बोलाव, भिंतीकडं बघत गुमान उभ्या असलेल्या पोराला बघून तिची भीती थोडी कमी होईल. मग तिलाच घेऊन रेंजवर जा.